कृष्णराजाचे रूपक

राज्य लयास जाते, वंश मावळतो. परंतु राजाने पाडलेले नाणे कधी कधी त्या दोहोंहून दीर्घायुषी ठरते. कलचुरि नृपती कृष्णराज याचे चांदीचे रूपक हे याचे उत्तम उदाहरण होय.

कृष्णराजाचा काळ इ. स. ५५० ते ५७५ च्या सुमाराचा. नागपूरहून तळेगाव (श्यामजी पंत) वरून अमरावतीस जाणाऱ्या आजच्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस कलचुरींच्या खुणा आढळतात. एकीकडे रामटेकनजीक नगरधन येथील स्वामिराजाच्या ताम्रपटातील ३२२ हे वर्ष कलचुरि संवताचे, म्हणजे इ. स. ५७३ च्या सुमाराचे, मानले जाते. दुसरीकडे अमरावती जिल्ह्यातील धामोरीस कृष्णराजाची नाणीच मिळाली आहेत.

हे नाणे लहानसे, दोन ग्रॅमांच्या आसपास वजनाचे. एका बाजूस उजवीकडे पाहणारे राजमुख. दुसरीवर बसलेला नंदी व सभोवार ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’ ही अक्षरे. यांपैकी मुखाची रीत मूळची येथील नव्हे. यवन राजांच्या नाण्यांवरून ती पश्चिम क्षत्रपांनी उचलली, आणि पुढे गुप्तांनी व त्रैकूटकांनी चालविली. मागची बाजू मात्र पालटत गेली. क्षत्रप व त्रैकूटक यांनी तेथे तीन कमानींचा पर्वत काढला. गुप्तांनी गरुड आणला, तर स्कंदगुप्ताच्या काही नाण्यांवर नंदीही आला. शिवभक्त कृष्णराजास तोच रुचावा, हे स्वाभाविकच होते. व्यापाऱ्यास ओळखीचे मुख दिसावे आणि राजास आपली श्रद्धा सांगता यावी, अशी ही दुहेरी सोय म्हणावयास हरकत नाही.

अशी वाटणी अन्यत्रही दिसते. चौदाव्या शतकात मॉस्कोच्या दिमित्री दोन्स्कोय याच्या काही रौप्यमुद्रांवर एका बाजूस त्याचे नाव, तर दुसरीवर अरबी अक्षरांत तोख्तामिश खानाचे नाव असे. तेथे खानाच्या अधिसत्तेचे दडपण होते. येथे बाजारपेठेचा विश्वास.

तो विश्वास किती टिकला? सातव्या शतकाच्या प्रारंभी चालुक्य मंगलेशाने कृष्णराजाचा नातू बुद्धराज याचा पराभव केला, आणि लवकरच या देशातील कलचुरींची सत्ता संपली. तरीही नाशिकजवळच्या अंजनेरी येथील, इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटात, भोगशक्ती या चालुक्यांच्या मांडलिकाच्या अमदानीत, ‘कृष्णराज-रूपक’ हे नाव येते. ही नाणी एके काळी राष्ट्रकूट कृष्णाची समजली जात; परंतु तो राजा इ. स. ७५६ च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या आधीच जे नाव रूढ होते, ते त्याचे असणे शक्य नाही.

जेत्यांच्या राज्यातही लोक जिताचेच नाणे मोजीत राहिले. राजाची आज्ञा त्याच्याबरोबर संपते; पण चोख चांदीने मिळविलेली पत लोक आपणहून राखतात.