तीन चाकं, लायसन्स आणि हेल्मेट

परवा खारकोपर स्टेशनबाहेर एका पोराने मला अडवलं. "काका, बाबांसाठी बॅटरीची रिक्षा बघतोय. दुकानदार म्हणतो लायसन्स नको, हेल्मेट नको. खरंय का?"

हेल्मेटचं खरं आहे. लायसन्सचं साफ खोटं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट मागतं ते मोटारसायकलवर बसणाऱ्याकडून, आणि कायद्याच्या व्याख्येत मोटारसायकल म्हणजे दोन चाकांची गाडी. रिक्षाला तो नियम लागतच नाही. लायसन्सची सूट मात्र भलत्याच गाडीची. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी बॅटरीची स्कूटर नियमानुसार मोटार वाहनच धरत नाहीत. दुकानदार तेच वाक्य उचलून रिक्षाला चिकटवतात.

गंमत म्हणजे रिक्षा आधी आली, कायदा मागून. आपल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी २००० सालाच्या आसपास बॅटरीची रिक्षा बनवली होती. पुढे दिल्लीत अशा गाड्या हजारोंनी धावू लागल्या, त्याही नोंदणीशिवाय. ३१ जुलै २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, तेव्हा सरकार जागं झालं. ऑक्टोबरमध्ये नियम आले, २०१५ मध्ये कायद्यात 'ई-रिक्षा' हा शब्द आला. चालक सोडून चार प्रवासी, ४० किलो सामान, वेग ताशी २५ पर्यंत. लायसन्स सक्तीचं, आणि त्याआधी किमान १० दिवसांचं प्रशिक्षण. २०१६ ला केंद्राने परमिट माफ केलं. घोळ इथेच झाला. परमिट गाडीचं, लायसन्स माणसाचं. लोकांनी दोन्ही माफ समजलं!

लायसन्स कुणाच्या हातात जातं यावर किती काय अवलंबून असतं, ते आपल्याच जिल्ह्यात माथेरानला दिसलं. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणसं माणसांना ओढत होती. परवानाधारक हातरिक्षा ९४. एका रिक्षाला ओढायला आणि ढकलायला दोन-तीन जण, तेही लाल मातीच्या चढावर. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षाच्या चाचणीला परवानगी दिली, डिसेंबरमध्ये सात गाड्या सुरू झाल्या. लगेच प्रश्न आला, गाड्या कुणाच्या? न्यायालयाने सांगितलं, हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच. ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून आदेश दिला, आणि १९८० च्या पंजाबमधल्या सायकलरिक्षा खटल्याची आठवण काढली. तिथेही वाद हाच होता. कायदा म्हणत होता की परवाना रिक्षा ओढणाऱ्या मालकालाच. न्यायालयाने मग ओढणाऱ्याला मालक होता यावं म्हणून कर्जाची वाट काढून दिली. ४५ वर्षं गेली मध्ये. माझ्या मते ही लाजच आहे.

त्या पोराला मी एवढं सांगितलं, की आधी पनवेल आरटीओत जा, बाबांचं लायसन्स बघ, गाडीची नोंदणी होते का ते विचार. लायसन्स नसताना अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे रिक्षाचे हप्ते चालू आणि वर हे.

तो म्हणाला, "टोकन तर देऊन झालंय."

पावती जपून ठेव म्हटलं.