नेत्रगोलमापन, अंतराळप्रवासोत्तर
दीर्घ अंतराळवासात नेत्रगोलाचा मागचा भाग चपटा होतो, त्याचे मापन. डोळ्याची पुढून मागची लांबी घटल्याने प्रतिमा दृष्टिपटलामागे पडते आणि जवळचे वाचताना अक्षरे पुसट दिसतात. लांबीतील एका मिलिमीटरचा फरक चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच ते तीन डायॉप्टर भरतो, म्हणून मिलिमीटरचे दशांशही मोजावे लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सहा महिने अंतराळात राहिलेल्या ७ जणांपैकी ५ जणांत हे चपटेपण आढळले.

लेसर किरणाने लांबी मोजणारे यंत्र अचूक असले तरी फसवू शकते. दृष्टिपटलामागचे रंजितपटल सुजून दृष्टिपटल पुढे सरकले, तरी हे यंत्र डोळा आखूडच दाखवते. बाहेरचे कवच खरोखर वाकले का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. पण ते अवजड यंत्र अंतराळस्थानकावर नाही, त्यामुळे उड्डाणापूर्वीच्या आणि परतल्यानंतरच्या प्रतिमाच ताडून पाहाव्या लागतात. मधल्या काळाची भिस्त सोनोग्राफीवर असते. अंतराळवीर मिटलेल्या पापणीवर जेल लावून स्वतःच तपासणी करतो आणि जमिनीवरचे तज्ज्ञ त्याला हात कुठे वळवायचा ते सांगतात. दृष्टिपटलाचे थर व दृष्टिचेतेच्या मुळाशी आलेली सूज ओसीटी यंत्राने मोजतात.

कारणाबद्दल एकमत नाही. वजनरहित अवस्थेत शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतात, हे मुख्य अनुमान. काहींच्या डोळ्यांचे चपटेपण परतल्यावरही अनेक वर्षे टिकते.