कंडेन्सरची परीक्षा

थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते. वीस मिनिटे गाडी विनातक्रार धावते. मग चढावर इंजिन अडखळू लागते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि गाडी बंद पडते. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले, की तीच गाडी जणू काही घडलेच नव्हते अशी पुन्हा सुरू होते. ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या पिढीला हे दुखणे ठाऊक आहे आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीचे निदानही ठाऊक आहे: कंडेन्सर गेला. गंमत अशी, की तो ‘गेलेला’ कंडेन्सर काढून मल्टिमीटरला जोडला, तर आकडा पुष्कळदा ०.२२ मायक्रोफॅरडच्या आसपास, म्हणजे अगदी हवा तेवढाच दिसतो. मिस्त्री चुकला असे वाटावे. प्रत्यक्षात मिस्त्रीही बरोबर असतो आणि मीटरही; मीटरला विचारलेला प्रश्न मात्र चुकीचा असतो. योग्य प्रश्न कोणता, हे कळण्यासाठी या अंगठ्याएवढ्या डबीचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो.

‘कंडेन्सर’ हा शब्द व्होल्टाचा, १७८२ मधला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांनी तो टाकून ‘कपॅसिटर’ आणि मराठीत ‘धारित्र’ स्वीकारले. गॅरेजने व्होल्टाचा शब्द सोडला नाही. ठिणगीशी त्याची गाठ पडली ती १८५३ मध्ये. त्या काळी पॅरिसमध्ये रुमकॉर्फ हा कुशल यंत्रकार प्रवर्तनाची वेटोळी, म्हणजे इंडक्शन कॉइल, बनवत असे. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून बॅटरीचा प्रवाह सोडायचा आणि तो एकाएकी तोडायचा. त्याच गाभ्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत त्यामुळे प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. अडचण ‘एकाएकी’ या शब्दात होती. संपर्कबिंदू विलग होताना प्रवाह थांबण्यास तयार नसतो. तो त्या बारीक फटीतूनच ठिणगी पाडून वाहत राहतो. त्यामुळे बिंदू जळतात आणि ऊर्जा नको तेथे खर्च होते. प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या फिझोने त्या बिंदूंना समांतर एक कंडेन्सर जोडला आणि कॉइलची ठिणगी कितीतरी पटींनी लांबली.

हे का घडते? बिंदू उघडताच प्रवाहाला कंडेन्सरची वाट मिळते. मोटारीतली सर्वसाधारण मूल्ये घेतली, म्हणजे ४ अँपिअर प्रवाह आणि ०.२२ मायक्रोफॅरड, तर बिंदूंमधला दाब आरंभी दर मायक्रोसेकंदाला सुमारे १८ व्होल्ट या गतीने चढतो. ऐकायला ही गती मोठी वाटते. पण बिंदूंना तेवढ्यात पुरेसे दूर सरकता येते आणि त्यांच्यामधल्या हवेला पेटण्याची संधी मिळत नाही. कंडेन्सर नसेल तर दाब त्याहून कितीतरी वेगाने चढतो आणि फट उघडता उघडताच ठिणगी पडते. म्हणजे कंडेन्सर ठिणगी वाढवत नाही, तो बिंदूंना वेळ मिळवून देतो. लॉर्ड रॅली यांनी १९०१ मध्ये हे मोठ्या मजेदार रीतीने सिद्ध केले. त्यांनी कॉइलची प्राथमिक तार बंदुकीच्या गोळीने तोडली. तोडणे इतके झटपट होते, की कंडेन्सरविना पडलेली ठिणगी कंडेन्सरसह पडलेल्या ठिणगीहून कमी भरली नाही. मोटारीत गोळीची सोय नसल्याने कंडेन्सर लागतो, इतकेच.

या कथेचा एक अध्याय कोलकात्यात घडला. जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी महाविद्यालयात मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर काम करत होते. त्यांचा लहरीजनक म्हणजे रुमकॉर्फ कॉइलचेच सुधारून घेतलेले छोटे रूप. आपोआप थरथरत प्रवाह तोडणारी पट्टी त्यांना त्रासदायक वाटली. ती काढून टाकून त्यांनी साधी कळ बसवली. कळ एकदा सोडली, की एकदाच लहर. कंडेन्सरसाठी त्यांनी मेणकागदाच्या लांब पट्टीच्या दोन्ही बाजूंना धातूचा वर्ख लावला आणि ती पट्टी कॉइलभोवतीच गुंडाळली. तिची जाडी जेमतेम पाव इंच. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी ही रचना सांगितली. वर्ख, मेणकागद, वर्ख, आणि सगळ्याची गुंडाळी: पुढे मोटारीच्या डिस्ट्रिब्यूटरजवळ स्क्रूने बसणाऱ्या डबीत हीच रचना दिसते. बोस यांच्याकडून ती मोटारीत आली असे नव्हे. तो त्या काळाचा सर्वपरिचित मार्ग होता. पण जागा वाचवण्याची ही युक्ती पाहिली, की त्या प्रयोगशाळेत कारागिरी आणि भौतिकी किती जवळ नांदत होती हे जाणवते.

मोटारीत ही विद्या दोन टप्प्यांत आली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये चार सिलिंडरांना चार लाकडी पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत थरथरणारी पट्टी, कॉइल आणि स्वतंत्र कंडेन्सर. १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग यांच्या पद्धतीने हा पसारा आवरला: सर्व सिलिंडरांना मिळून एक कॉइल, पॉइंटची एक जोडी, एक कंडेन्सर. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी यांच्या पॉइंटवाल्या प्रज्वलनाचा सांगाडा हाच.

परीक्षेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो मॉडेल टीचाच काळ. त्या पेट्या तपासण्यासाठी हाताने फिरवायचे एक यंत्र असे. त्यात गाडीचाच, सोळा चुंबकांचा मॅग्नेटो बसवलेला असे. पेटी जोडायची, दांडा फिरवायचा, प्रवाहमापकावर साधारण १.३ अँपिअरला पट्टी जुळवायची आणि कड्यावर पडणाऱ्या ठिणग्यांचे वर्तुळ पाहायचे. ठिणगी गळली किंवा एकीच्या जागी दोन पडल्या, की दोष उघड. कंडेन्सरचे मूल्य किती, हे ते यंत्र सांगतच नसे. तो इंजिनात जे सोसणार, ते त्याला बाकावर सोसायला लावले जाई. परीक्षा याला म्हणावे.

मल्टिमीटर नेमके हेच करत नाही. तो कंडेन्सरवर काही व्होल्टच लावतो; इंजिनात पॉइंट उघडताना त्याच डबीवर २०० ते ४०० व्होल्ट येतात, तेही मिनिटाला हजारो वेळा आणि इंजिनाच्या धगीत. कागद हा सेंद्रिय पदार्थ आहे. डबीचे झाकण सैल झाले, की तो हवेतला ओलावा पितो. थंड असताना आणि कमी दाबाला तो रोधक राहतो. तापला आणि दाब चढला, की त्यातून प्रवाह गळू लागतो. वर्ख आणि बाहेरची तार यांचा जोडही तापल्यावर प्रसरणाने सुटू शकतो आणि निवल्यावर पुन्हा टेकतो. वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या गाडीचे रहस्य या दोहोंपैकी एकात असते.

म्हणून प्रश्न तीन विचारावे लागतात. धारकता किती, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा. दुसरा गळतीचा: ज्याला इलेक्ट्रिशियन ‘मेगर’ म्हणतात त्या रोधमापकाने ४०० ते ५०० व्होल्ट एकदिश दाब लावायचा आणि रोध निदान काही दशक मेगओहम आहे ना, हे पाहायचे. सुस्थितीतला कंडेन्सर क्षणभर भारित होतो आणि काटा स्थिर राहतो. काटा थरथरला किंवा खाली घसरला, तर डबी बाद. तिसरा प्रश्न जोडांच्या मालिकारोधाचा. आणि दुसरा-तिसरा प्रश्न डबी गरम करून पुन्हा विचारायचा. ही पायरी सर्वाधिक वगळली जाते. परीक्षा संपली, की डबी रोधकातून रिती करणे आवश्यक, नाहीतर परीक्षकाचीच परीक्षा होते.

मेगर नसलेल्या मिस्त्रीपाशी आणखी एक नोंदवही असे: खुद्द पॉइंट. एकावर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ वाढलेले असेल, तर धातू एका बाजूकडून दुसरीकडे वाहिला आहे, म्हणजे कंडेन्सरचे मूल्य त्या कॉइलला जुळत नाही. दोन्ही पॉइंट निळसर-काळे जळले असतील, तर कंडेन्सर जवळजवळ नसल्यात जमा. हजारो किलोमीटरांचा अहवाल त्या दोन टिकल्यांवर लिहिलेला असतो. पॉइंट कानशीने साफ करून मगच कंडेन्सरकडे वळणारा माणूस हा अहवाल स्वतःच पुसून टाकतो.

ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. उरलेल्या गाड्या आता हौशी मालकांच्या हाती आहेत आणि त्यांच्यासाठी ‘न वापरलेला जुना माल’ चढ्या भावाने विकला जातो. इंजिनाच्या अन्य भागांबाबत हा शोध रास्त असेल. कागदी कंडेन्सरबाबत तो भाबडेपणा आहे. खोक्याचे सील शाबूत असले तरी आतल्या कागदाचे वय थांबलेले नसते. चाळीस वर्षांचा कोरा कंडेन्सर हा चाळीस वर्षांचाच कंडेन्सर असतो. बाजारातले नवे स्वस्त नगही परीक्षेविना बसवण्याजोगे नसतात.

अस्सलपणा जपू पाहणारे काही जीर्णोद्धारक यावर शांतपणे तोड काढतात. जुनी डबी कडेने उघडायची, कागद काढायचा, आत ६३० व्होल्टचे, वेगवान स्पंदने पेलणारे प्लास्टिक-पटलाचे आधुनिक धारित्र बसवून डबी पुन्हा बंद करायची. बाहेरून गाडी १९६५ ची दिसते. प्रदर्शनातले काही परीक्षक यावर नाक मुरडतात. पण ती डबी मेगरवर, गरम अवस्थेत, ५०० व्होल्टला तपासली, तर काटा जागचा हलत नाही.