लक्ष्मीची लेकरं : चिखल आणि ओल



मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपण लक्ष्मीची मांडणी करतो, दिवाळीत तिच्या फोटोची पूजा करतो. फोटोतली लक्ष्मी बघा, कमळावरच असते. चिखलात उगवूनही कमळ स्वच्छ राहतं, म्हणून ते पवित्र, असं आपण ऐकत आलो. पण जुन्या लोकांनी चिखलाला कमी लेखलं नव्हतं.

लक्ष्मीचं जुनं स्तोत्र म्हणजे श्रीसूक्त. त्यात तिला कमळात राहणारी, कमळांची माळ घातलेली म्हटलंय. शेणाची समृद्धी असलेली, असंही म्हटलंय. तिच्या दोन लेकरांना त्यात हाक मारली आहे, कर्दम आणि चिक्लीत. कर्दम म्हणजे चिखल, चिक्लीत म्हणजे ओल. शेण, चिखल, ओल! हे तर आपल्या रोजच्या हातातलं.

हीच देवी दगडातही कोरली गेली. मध्य प्रदेशातल्या भरहूत आणि सांचीच्या बौद्ध स्तूपांवर ती दोन हजार वर्षांपूर्वीच कोरलेली होती. कमळावर देवी आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती. तिला गजलक्ष्मी म्हणतात. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात शिरलात, की समोरच ती दिसते. तिथे तर खाली कमळाच्या पानांनी भरलेलं अख्खं तळं कोरलंय.

वैद्यांनीही कमळ वाया जाऊ दिलं नाही. त्याच्या एकेका भागाला त्यांनी वेगळं नाव दिलं. कंद म्हणजे शालूक, देठ म्हणजे मृणाल, फुलातलं केसर म्हणजे किंजल्क. बी म्हणजे आपला कमळगट्टा, ज्याची जपमाळही करतात. अंगातलं रक्त वाहणं थांबवणाऱ्या औषधांत चरकसंहितेने या केसराला मानाची जागा दिली आहे. मात्र एक सांगते. पाळीत अंगावरून फार जात असेल, तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका. दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. काढा घ्यायचाच तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारून घ्या.

आता स्वयंपाकघरात येऊ. भाजीबाजारात कमळकाकडी मिळते, तो चिखलातला कंद. काश्मीरमध्ये त्याला नदरू म्हणतात. फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या सिंधी घरांत तो बीह म्हणून शिजतो. त्याच्या भोकांत चिखल अडकतो, म्हणून कापून नीट धुवावा लागतो. सांडपाण्याच्या तळ्यातला असेल तर घेऊच नये, कारण पाण्यातलं विष कंदात उतरतं. आणि मखाणा म्हणजे कमळाचं बी नव्हे. तो बिहारकडे पिकणाऱ्या दुसऱ्या काटेरी पाणवनस्पतीचा. कमळाचं बी म्हणून कुणी मखाणा देऊ लागला, तर फसू नका.

ज्या चिखलावर कमळ जगतं, तोच बेसुमार साचला तर कमळ मरतं. काश्मीरच्या वुलर सरोवरात असंच झालं. १९९२ च्या पुरात तिथे एवढा गाळ आला, की कमळं दिसेनाशी झाली. नदरू काढून पोट भरणाऱ्या काठच्या कुटुंबांची कमाई बुडाली. पुढे सरोवरातला गाळ उपसला, आणि तीसेक वर्षांनी तिथे पुन्हा कमळं फुलली. कमळाच्या बीचं कवच फार टणक असतं, ते गाळात वर्षानुवर्षं टिकतं. चीनमधल्या तर सुमारे १३०० वर्षं जुन्या बीला शास्त्रज्ञांनी कोंब आणला.

म्हणजे तळं सांभाळलं तर गेलेलं परत येऊ शकतं. आपल्याकडे २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तळ्यातला गाळ शेतात टाकायचा, म्हणजे तळंही खोल होतं आणि शेतही सुधारतं. कर्दम आपल्या आईच्या घरून आपल्या शिवारात येतो, म्हणा ना!

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत बचत गटाच्या बायांनी मिळून तीन गोष्टी विचारा. आपल्या तळ्यातला गाळ शेवटचा कधी काढला? गावाचं सांडपाणी त्यात कुठून शिरतं? आणि तळ्याचा ठेका कुणाकडे आहे, बाया तो घेऊ शकतात का? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका, आणि मिळालं की इतिवृत्तात लिहून घ्या.