आकडी, औषधांना न जुमानणारी (बालकांतील)

मुलाची आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर ती आपोआप थांबण्याची आशा धरू नये. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. पाच मिनिटांपुढे चाललेल्या आकडीला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. आधी बेन्झोडायझेपिन गटातले औषध, मग शिरेतून दुसरे, दोन्ही पुरेशा मात्रेत देऊनही झटके चालू राहिले तर ती रिफ्रॅक्टरी. ती थांबवण्यासाठी भूल सुरू करून २४ तास उलटल्यावरही टिकली किंवा भूल उतरवताना परतली, तर सुपर-रिफ्रॅक्टरी.

आकडी लांबते तसे मेंदूच्या पेशींवरचे, मेंदू शांत करणारे गाबा संवेदक आत ओढले जातात, आणि मिडाझोलामसारख्या बेन्झोडायझेपिनला काम करायला जागाच उरत नाही. उलट, मेंदू चेतवणारे एनएमडीए संवेदक वाढतात. ते अडवणारे केटामीन उशिरा उपयोगी पडते ते यामुळेच.

म्हणून जत तालुक्यातल्या वाडीवरून मिरज किंवा पाटणच्या डोंगरातून कराड गाठण्याचा वेळ हा आजाराचाच भाग धरला पाहिजे. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय. पण पहिला डोस गावातच मिळायला हवा. नाकात मिडाझोलाम (किलोमागे ०.२ मिलिग्रॅम) द्यायला सुई लागत नाही, आधी आकडी येऊन गेलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही ते शिकवता येते. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे यात मोलाची मिनिटे जातात, आणि चमच्याने दात तुटतात. पोराला कुशीवर वळवावे, घड्याळ बघावे, १०८ ला फोन लावावा.

रुग्णालयात रक्तातली साखर लगेच तपासतात. कॅल्शियम, सोडियमही पाहतात. दुसरे औषध म्हणून लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट यांपैकी कोणतेही दिले तरी जवळपास निम्म्याच रुग्णांत आकडी थांबते, असे २०१९ च्या एसेट या औषध-चाचणीत दिसले. पुढे मिडाझोलाम, केटामीन किंवा थायोपेंटोनचा सततचा ठिबक, व्हेंटिलेटर आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख). शरीर शांत दिसले तरी मेंदूत आकडी चालू असू शकते, ते ईईजीशिवाय कळत नाही. मुलांत प्रोपोफोल जास्त वेळ चालवणे धोक्याचे. तान्ह्या बाळात पायरिडॉक्सिन देऊन पाहतात, हट्टी आकडीत कीटोजेनिक आहार.

परिणाम बराचसा कारणावर ठरतो. साध्या तापाची लांबलेली आकडी असलेली बहुतेक मुले पूर्ववत होतात. मेंदूज्वर किंवा क्षयाच्या मेनिंजायटिसनंतर मात्र बोलणे, चालणे, शिकणे यांत उणीव राहू शकते.