ओवी कोणाची? विदागारातील एका रकान्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांचा संगणकावर तक्ता केला: ओवी, गाणारीचे नाव, गाव, विषय. तक्ता तपासताना एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की काही ओव्या दोनदा आल्या आहेत. पुनरुक्त नोंदी काढून टाकण्याची सोय अशा आज्ञावलीत तयारच असते. केवळ ओवीचा रकाना निवडून ती वापरली गेली. तक्ता सुटसुटीत झाला आणि आम्ही शाबासकीही दिली. महिन्याभराने लक्षात आले, की एका आजींचे नाव यादीतून पार नाहीसे झाले आहे. त्यांनी एकच ओवी सांगितली होती, आणि तीच ओवी शेजारच्या गावातील एका बाईंनी आधी सांगितलेली होती.

यंत्राचे काही चुकले नव्हते. 'समान मजकूर म्हणजे एकच नोंद' असे आम्हीच त्याला सांगितले होते. साहित्याच्या वर्गात पाठभेद, मौखिक परंपरा, सामूहिक कर्तृत्व यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हा अध्यापकांना तक्त्याचे रकाने आखताना यातले काहीच आठवले नव्हते. विदागाराचा आराखडा ही तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची बाब नव्हे. संहितेविषयीचा एक निर्णय त्यात आधीच घेतलेला असतो. हा धडा आम्हाला त्या आजींनी दिला, आणि त्यानिमित्ताने या निर्णयाचा इतिहास आम्ही थोडा मागे जाऊन पाहिला.

ओव्यांच्या संकलनाची आपली परंपरा समृद्ध आहे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आणि सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने केलेले कार्य वाचकांना परिचित आहेच. तथापि छापील ग्रंथाची म्हणून एक सक्ती असते. ग्रंथाला प्रकरणे लागतात: माहेर, भाऊराया, सासुरवास, पंढरी. आता भावाच्या सोबतीने पंढरीला निघालेल्या बहिणीची ओवी कोणत्या प्रकरणात घालावी? संपादकाला एक घर निवडावे लागते, कारण तीच ओवी चार ठिकाणी छापणे परवडत नाही. म्हणजे वर्गीकरणाचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. कागदावर तो संपादकाच्या निवडीत मिटून जात असे, एवढेच.

१९८०च्या दशकापासून पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जे काम उभे केले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. गावागावांतील बायांच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि दळताना गाण्याचा प्रसंगच संपत आला, तो हा काळ. पुढे हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. एक हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका त्यात आहेत. या अभ्यासातून १९९६मध्ये या दोघांचा 'स्टोनमिल अँड भक्ती' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले. त्यांनी संहितांचे विदागार रचले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले.

लाखभर ओव्या वहीत मावतीलही, पण त्यांना प्रश्न विचारता येणार नाहीत. 'सीतेच्या ओव्या कोणत्या तालुक्यांत अधिक आढळतात' हे शोधायला वह्या चाळत आयुष्य जाईल. इथे विदागार उपयोगी पडते. पण ते कसे बांधले आहे यावर सारे अवलंबून असते.

त्या बांधणीचे तत्त्व एडगर कॉड या मूळ ब्रिटिश गणितज्ञाने १९७०मध्ये कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना एका निबंधात मांडले. त्याआधीच्या पद्धतींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा साखळीसारखी साठवली जाई आणि ती शोधताना तिच्यापर्यंत जाणारी वाट ठाऊक असावी लागे. कॉड यांनी सुचवले, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधील नाते त्यांतील मूल्यांवरूनच जुळवावे. एक वस्तुस्थिती एकाच जागी नोंदवावी, म्हणजे दुरुस्ती करताना विसंगती उरत नाही. १९७४मध्ये याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा सादर केली. तिचेच पुढचे रूप आज एसक्यूएल म्हणून सर्वत्र वापरात आहे.

आमच्या फसलेल्या तक्त्याला हे तत्त्व लावून पाहू. आम्ही 'ओवी' आणि 'ओवी गाणे' या दोन भिन्न गोष्टी एकाच ओळीत कोंबल्या होत्या. त्याऐवजी चार तक्ते हवेत: संहितांचा, गायिकांचा, गावांचा आणि विषयांचा. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक. शिवाय पाचवा तक्ता हवा, तो गायनप्रसंगांचा. अमुक क्रमांकाच्या गायिकेने अमुक गावी, अमुक दिवशी, अमुक संहिता गायली, इतकेच त्यात असते. आता एकच ओवी दोघींनी गायली तर संहिता एक राहते, प्रसंग दोन होतात आणि कोणाचेही नाव पुसले जात नाही. ओवी आणि विषय यांना जोडणारा सहावा तक्ता केला, की भाऊ आणि पंढरी या दोन्ही घरांत ती ओवी एकाच वेळी नांदू शकते. आणि 'कवी' हा रकाना? तो आम्ही ठेवलेलाच नाही. एका नावाने भरता येईल असे त्याचे उत्तर परंपरेपाशी नाही.

तरीही एक पेच उरतो. 'पाणी' आणि 'पानी' असा उच्चारभेद असलेल्या दोन ओव्या एक की दोन? इथे दोन रकाने करणे हा व्यवहार्य उपाय: एकात गाणारीच्या तोंडचे रूप, दुसऱ्यात शोधासाठी प्रमाणित केलेले रूप. पहिल्यास हात लावायचा नाही. बोली शुद्ध करण्याच्या मोहापासून संपादकाला वाचवणारी ही सोपी शिस्त आहे.

दुसरा पेच लिपीचा. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाणप्रणाली १९८८मध्ये आली होती. युनिकोडच्या १९९१मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागाही मिळाली. तरी प्रत्यक्षात कित्येक वर्षे आपण टंकागणिक निराळ्या संकेतांत लिहीत राहिलो. टंक बदलला, की मजकुराची अगम्य चिन्हे होत. ओव्यांच्या या संग्रहालाही ते चुकले नाही. निरनिराळ्या संकेतांतील हजारो ओव्या नव्याने रूपांतरित कराव्या लागल्या. युनिकोड आल्याने सगळेच मिटले असेही नाही. 'वाऱ्यावर' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द ठरतात.

ही बाब भ्रमणध्वनीवर अधिकच जाणवते. रिचर्ड हिप यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेले एसक्यूलाइट हे चिमुकले विदागार आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. त्याची मूळ पद्धत मजकुराची तुलना संकेतांवरून करण्याची आहे. विद्यार्थ्यांनी ओव्यांचे ॲप केले आणि 'वाऱ्यावर' शोधून काहीच सापडले नाही, तर दोष बहुधा इथे असतो. साठवण्यापूर्वी सर्व मजकूर एका रूपात आणावा आणि शोधायचा शब्दही त्याच गाळणीतून जाऊ द्यावा, हा त्यावरचा चार ओळींचा इलाज.

गी प्वातवाँ २००४मध्ये आणि हेमा राईरकर २०१०मध्ये गेले. त्यांच्या संग्रहातील ओव्या २०१७पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. ओव्यांसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख तेथे दिलेली असते. 'लोक' या भारदस्त शब्दाआड एरवी हरवणाऱ्या बाया तिथे नावानिशी भेटतात.

आमच्या आजींची ओवी पुन्हा नोंदवता आली, कारण विद्यार्थ्यांनी गावात बसून लिहिलेल्या वह्या सुदैवाने रद्दीत गेल्या नव्हत्या. नव्या आराखड्यात त्यांचा गायनप्रसंग शेजारच्या बाईंच्या प्रसंगालगतच आहे. संहितेचा क्रमांक दोघींचा एकच. आपल्या महाविद्यालयाच्या कपाटातही असे संग्रह पडून असतील. ते संगणकावर चढवण्याआधी रकान्यांची नावे कोणी ठरवली आहेत, एवढे वाचकांनी जरूर विचारावे. आणि मूळ वह्या जपून ठेवाव्यात.