साथरोगशास्त्र : मूलभूत संकल्पना आणि मोजमापे

साथरोगशास्त्र : रोग कोणाला, कुठे, केव्हा आणि किती प्रमाणात होतो व का होतो, याचा लोकसमूहाच्या पातळीवर अभ्यास करणारे शास्त्र. नावात ‘साथ’ असली तरी मधुमेह, कुपोषण, सर्पदंश, रस्त्यावरचे अपघात हे सारे त्याच्या कक्षेत येते. डॉक्टरांपुढे एक रोगी बसलेला असतो; साथरोगतज्ज्ञांपुढे आख्खे गाव असते आणि त्यात धडधाकट माणसेही आली. ती मोजावीच लागतात, कारण या शास्त्राचे जवळजवळ प्रत्येक माप अपूर्णांक असते. वर अंश, म्हणजे आजारी पडलेले किंवा दगावलेले. खाली छेद, म्हणजे ज्यांच्यावर ती पाळी येऊ शकली असती ते सगळे. वर्तमानपत्रात बहुधा अंशच छापून येतो. छेद कळेपर्यंत त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

याचे सर्वांत देखणे उदाहरण 1854 च्या लंडनमधले आहे. शहरात कॉलऱ्याची साथ होती. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी टेम्स नदीचे पाणी बॅटर्सीला उचले, तिथे त्यात शहराची घाण मिसळलेली असे. लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा 1852 मध्ये वरच्या अंगाला, टेम्स डिटनला नेला होता. डॉ. जॉन स्नो मृत्यू झालेल्या घरांची दारे ठोठावत आणि पाणी कोणाचे, ते विचारत. भाडेकरूंना ते पुष्कळदा ठाऊकच नसे. मग ते पाण्याचा नमुना घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून खारटपणा तपासत. बॅटर्सीच्या पाण्यात मिठाचा अंश कितीतरी जास्त असल्याने कंपनी ओळखू येई.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या घरांत 1,263 माणसे दगावली, दुसरीच्या घरांत 98. नुसता अंश पाहिला तर फरक तेरा पट दिसतो. पण पहिलीची घरेही जास्त होती : 40,046, तर दुसरीची 26,107. छेद घातल्यावर दर दहा हजार घरांमागे मृत्यू 315 आणि 37 निघाले, म्हणजे साडेआठ पट. अशा दोन दरांच्या भागाकाराला सापेक्ष जोखीम म्हणतात. त्यांची वजाबाकी केली की जोखमीतला फरक मिळतो. घाण पाण्यामुळे किती जीव जास्तीचे गेले, ते त्यातून कळते. कॉलऱ्याच्या जंतूवर रॉबर्ट कॉख यांनी शिक्कामोर्तब केले ते यानंतर सुमारे तीस वर्षांनी.

नवरुग्णदर आणि व्याप्ती या दोन मापांत नेहमी गल्लत होते. ठरावीक काळात नव्याने आजारी पडलेल्यांचे प्रमाण म्हणजे नवरुग्णदर. डॉक्टर मंडळी त्याला इन्सिडन्स म्हणतात. एखाद्या वेळी समाजात असलेल्या जुन्या-नव्या सगळ्या रुग्णांचे प्रमाण म्हणजे व्याप्ती, त्यांच्या भाषेत प्रिव्हॅलन्स. भारतात 2004 पासून एचआयव्हीवरची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. अशा औषधाने माणसे जास्त वर्षे जगतात आणि नवी लागण तेवढीच राहिली तरी व्याप्ती वाढते. इथे वाढलेला आकडा उपचारांचे यश सांगत असतो.

व्याप्ती मोजायला दवाखान्यातले केसपेपर पुरत नाहीत, हे गडचिरोलीत फार टोकदारपणे दिसले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. बाकीच्यांची कुठल्याही नोंदवहीत ओळ नव्हती.

दोन ठिकाणचे दर शेजारी ठेवताना वयाची मेख असते. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी 7.0 आहे, महाराष्ट्राचा 5.5. म्हणून केरळची तब्येत वाईट ठरत नाही. तिथे म्हातारी माणसे जास्त आहेत. त्याच पाहणीत अर्भक मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वर्षात दगावणारी मुले, केरळात 6 आणि महाराष्ट्रात 16 आहे. वयाचा हा परिणाम काढून टाकण्याच्या रीतीला वयप्रमाणीकरण म्हणतात.

संसर्गजन्य रोगांसाठी आणखी एक माप आहे : कोणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो. गोवरासाठी ते 12 ते 18 मानतात. लसीकरण 95 टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते ते त्यामुळेच.

पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू म्हणजे नवजात मृत्यू. ते मोजणे सर्वांत अवघड असते. घरी जन्मून काही तासांत गेलेल्या बाळाचा जन्मही लिहिला जात नाही आणि मृत्यूही. अंश आणि छेद दोन्हीकडून ते पुसले जाते. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करत, मिनिटाला श्वास किती ते मोजत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर तिथेच उपचार करत. तुलनेसाठी 47 गावे होती, आणि त्या गावांतलाही प्रत्येक जन्म व मृत्यू टिपला जाई. तिसऱ्या वर्षी या गावांच्या तुलनेत 39 गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. तो अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.